नक्कल

चोपड्याच्या तहसीलात मागच्या अंगाला,
जप्तीच्या सायकली गंजत पडल्यात तिथे रेकॉर्डरूम.
पंखा बंद. तो बंदच असावा असं सगळ्यांना वाटतं,
वाऱ्याने पान हललं की तुटतं.

मला एकच ओळ हवी होती.
पन्नास सालच्या आधीची, आमच्या घरातली,
आणि जातीचा रकाना भरलेली.
त्याच्यापायी उत्पलाचं नर्सिंगचं ॲडमिशन अडलं होतं.

नेरकर मास्तर मोडी वाचतात, पानामागे वीस रुपये.
अक्षर हुंगल्यासारखे वाकतात.
तीन दिवस धामणखेड्याचं कोतवाल बुक चाळलं.
कोण जन्मलं, कोण गेलं: पटकी, देवी, ताप, ताप,
विहिरीत पडून, ताप.
चौथ्या दिवशी मास्तर म्हणाले,
बिऱ्हाडे, तुमचा माणूस तर पानोपानी आहे.

शेवटचा रकाना. खबर देणार:
उखर्डू वल्द झिपरू, निशाणी विळा-दोरी.
पुन्हा उखर्डू. पुन्हा उखर्डू.
बावीस वर्षं गावाचं येणं-जाणं
त्याने पायी वाहून नेलं, अक्षर एक येत नसताना.
विळा मात्र दरवेळी वेगळा.
कधी दोरी ऐसपैस, कधी घाईत तुटलेली.
त्यावरून मी त्याचा दिवस ओळखायला लागलो.

घरात याच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं.
आखाजीला घागर भरणं आमच्याकडे छप्पन सालीच थांबलं,
घागरीबरोबर नावं घेणंही.
बाबा म्हणायचे, वळून बघावं असं काय आहे तिकडे?
येसकरकीच ना.

रविवारी गावी गेलो.
हिलालबाबा ओट्यावर, नव्वदी उलटलेली.
"तुना पणजा? मी नही दखा त्याले. मना बाप सांगे,
जोडा हातमा लिसन चाले तो गावमातून.
शीव वलांडी का मंग पायमा घाले."
एवढंच. मग त्यांनी तंबाखू मळली
आणि केळीचा भाव काढला.

तेव्हापासून तो मला शिवेपाशीच दिसतो,
एका पायावर, वाकून जोडा चढवताना.
पुढचं मी रचतो, कबूल:
अनेरचं कोरडं पात्र, कमरेला कळण्याची भाकरी,
आणि विसरू नये म्हणून ओठांत घोळवलेलं
गबा पाटील मुलगा, मोताबाई पटकी,
गबा पाटील मुलगा, मोताबाई पटकी,
दर पावलाला एक माणूस.

मग एकोणीसशे तेराचा मे.
एकच दिवस, एकच शाई, दोन नोंदी.
वर दगा पाटलाकडे मुलगा.
खाली उखर्डू वल्द झिपरू, मुलगी एक,
मयत, वय दिवस चार, ताप.
खबर देणार: खुद्द.

मास्तरांनी भिंग पुसलं.
त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

वाटेत कोणती बातमी त्याने आधी घोळवली?
इथे मी काही रचत नाही.
विळा दोन्हीकडे सारखा आहे.
बावीस वर्षांत दोन विळे सारखे
फक्त याच पानावर.

आणि जातीचा रकाना,
जो आमच्या घरासाठी दुसरीकडे कुठेच भरलेला नाही,
तो तिच्या ओळीत भरलाय, ठळक.
नावाच्या जागी नुसती आडवी रेघ.

कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला.
मयताशी अर्जदाराचं नातं?
मी लिहिलं: आजी.
त्याने वय पाहिलं, मग माझ्याकडे.
चार दिवसांची आजी?
म्हटलं, आजोबांची थोरली बहीण.
तो काही बोलला नाही, शिक्का मारला.

शिक्का ओला होता.
कागद वाऱ्यावर धरून बसस्टँडपर्यंत चालत आलो.
मोटरसायकल तहसीलातच राहिली,
हे तिथे पोचल्यावर आठवलं.