डाव्या बुटाची टाच

ग्युमरीत माझं दुकान आहे, बाजाराच्या मागच्या बोळात,
काळ्या दगडाच्या इमारतीत, दीड माणूस मावेल एवढं.
अर्धा माणूस म्हणजे शोघिक. खिळ्यांच्या डब्यापाशी बसते.

बूट उलटा केला की मला माणूस कळतो:
कोण ओझं वाहून आलाय, कोण उधारीवाल्याला चुकवत आडवाटेने,
कोणाची कंबर गेलीय आणि तो बायकोला सांगत नाही.
शोघिकचे बूट मात्र दोन वर्षं कळले नाहीत.
डाव्याचं टोक फाटलेलं, टाच कोरी.
पुढच्या आठवड्यात उजव्याचं टोक, उजवी टाच कोरी.
जणू दोन मुली आळीपाळीने एकच जोड घालतात.

येरेवानच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहून दिलं,
एवढं लांब की कागदाची घडी घातली तर मधोमध मोडलं.
अर्थ असा: कधी डावी बाजू जाते, कधी उजवी.
आंघोळीचं पाणी निमित्त होतं, वाढदिवस निमित्त होतो,
खिडकीतून अचानक आलेलं ऊन.
"लाखांत एक," ते म्हणाले.
लॉटरीवालाही असंच म्हणतो.

आमच्याकडे पाववालीसुद्धा येता-जाता म्हणते,
'तुझं दुखणं मी घेते, बाळा.'
भाषेतच आहे ते, सुट्ट्या पैशांसारखं हातावर ठेवतात.
मीही म्हणतो.

वार्सेनिक व्यायाम शिकवते. आवाज कानशीसारखा.
भूकंपानंतर कितीजणांना लाकडी पायांवर उभं केलंय तिने.
तिनेच हेरलं:
झोपेत सगळं परत येतं.
जाग आल्यावर दहा-पंधरा मिनिटं
दोन्ही बाजू घरी असतात. मग एक निघून जाते.
"तेवढ्यात चालायचं. उठवायचं नाही. वाट बघायची."

म्हणून आम्ही झोपेच्या काठावर बसतो, मी आणि अराक्स्या,
पाळी लावून, मांडीवर बूट घेऊन.
नाडी बांधण्यात दोन मिनिटं जायची;
मी नाडीच काढली, मेंढीच्या कातड्याचा पट्टा लावला,
घोट्याला उंच आधार, बोटांखाली पातळ तळ, जमीन कळावी म्हणून.
आता सात सेकंद.

पहाटे चारला, कधी भर दुपारी, एकदा बसमध्ये.
पापणी हलली की बूट, बूट की जमीन.
काखेत हात घालायला गेलो की वार्सेनिक हातावर मारते,
"तिचं वजन तिला दे."
कमरेच्या पट्ट्याला फक्त दोन बोटं.
स्टोव्हपासून खिडकीपर्यंत अकरा पावलं.
खिडकीत जर्दाळूची पोळी, उन्हात वाळवलेली, तिची.
कधी नवव्या पावलाला डावा पाय ऐकेनासा होतो.
ती खाली बघते, त्याच्यावर रागावते, माझ्यावर नाही,
आणि बसून घेते, ऐटीत,
जणू तिथेच बसायचं होतं.
पुढच्या जागेला पुन्हा स्टोव्हपासून.
शिकलेलं पुसलं जातं का, अराक्स्या विचारते.
मी काय सांगणार. मी तळ बघतो.

काल रात्री ती झोपल्यावर तिचे बूट उलटे केले.
डाव्या टाचेची बाहेरची कड घासलेली,
नखाएवढी.
म्हणजे टाच आधी टेकली होती. कधीतरी, आमचं लक्ष नसताना.
अराक्स्याला हाक मारली, दिव्याखाली धरलं.
तिने अंगठा फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला.
"बदलून टाकू टाच?" मी उगाच विचारलं,
जन्मभर हाच धंदा.
"हात लावून तर बघ," ती म्हणाली.