कड्याकडची बाजू

एप्रिलची अकरा तारीख, आणि कॅम्परच्या खिडकीवर
आतून बर्फ धरलाय.
नखानं खरवडला तर गुलाबी दिसतो.
बाहेर लाल खडक आहे म्हणून,
की माझंच बोट सोललंय म्हणून, कळत नाही.
थेन म्हणतो, वसंत आहे, नेड्रा, दम धर.

एकतीस हिवाळे त्यानं सरकारी ट्रक चालवला,
पहाटे तीनला उठून याच घाटातला बर्फ लोटला,
लोकांना दऱ्या बघता याव्यात म्हणून.
स्वतः कधी थांबला नाही.
घरापासून चाळीस मैल, आणि कधी थांबला नाही.
नजर पांढऱ्या रेषेवर ठेवायची,
कड्याकडच्या बाजूला बघायचं नाही,
बघितलं की चाक तिकडे जातं,
हे तो नव्या पोरांना शिकवायचा
आणि जेवताना मला.

निवृत्तीच्या पैशांत हा जुना कॅम्पर घेतला.
आधीच्या मालकाच्या कुत्र्याचे केस
अजून गादीच्या शिवणीत सापडतात.
झायनला पाऊस. कॅपिटल रीफला गारा,
पत्र्यावर अशा ताडताड
की आम्ही न बोलता सूप संपवलं.
एका बंद पॉइंटपाशी लोरेन्सिटा एत्सिटी
गाडीचा हीटर चालू ठेवून माळा विकत होती:
एका टोकाला मुंग्यांनी पोखरलेल्या
जुनिपरच्या बिया, दोऱ्यात ओवलेल्या.
"दुसरं टोक मलाच घासावं लागतं," म्हणाली,
"मुंग्या अर्धंच काम करतात."
थेनला हे इतकं पटलं
की घासाघीस न करता दोन माळा घेतल्या.

वर येताना पुढे ट्रक होता, बर्फ लोटणारा.
ताशी वीस मैल. मागे आम्ही, आमच्या मागे अख्खं जग.
"पातं फार वर धरलंय," थेन म्हणाला,
"मीठ वाया घालवतोय. वळणावर बघ आता, बघ..."
वळणावर ट्रक सुबक वळला.
थेन मग बराच वेळ गप्प.

दोन दिवस धुकं.
रेंजर मुलगी फळ्यावर खडूनं लिहिते: आज दरी दिसत नाही.
खाली कुणीतरी हसरा चेहरा काढून ठेवलाय.
कठड्याशी उभं राहिलं की समोर
वाळत घातलेल्या चादरीची मागची बाजू.
एक कावळा त्यातून येतो,
आमची ब्रेडची पिशवी बघतो, परत त्यात जातो.
म्हणजे तिथं जागा आहे.

तिसऱ्या सकाळी नळ गोठला.
थेन कॅम्परखाली, पुठ्ठ्यावर उताणा,
हातात माझं केस वाळवायचं यंत्र.
मी कॉफीचा चोथा टाकायला गेले
आणि धुकं उठलं,
खेळ संपल्यावर लोक उठतात तसं, एकदम, खुर्च्या वाजवत.
खाली हजारभर लाल सुळके,
प्रत्येकाच्या एकाच खांद्यावर बर्फ.
तळाशी झाडं, मोहरीएवढी.
पलीकडे कुठूनसा बर्फाचा एक तुकडा निखळला;
पडताना दिसला, आवाज नंतर आला.

"थेन!"
"आलो असतो," खालून आवाज,
"पण आता सोडलं तर पुन्हा गोठेल. तू जरा टॉर्च धर."

मी दरीकडे पाठ केली. गुडघे टेकले. टॉर्च धरली.
त्याचा कान लालभडक, दाढीत थेंब,
पाइप आतून कुरकुरत होता.

दहा मिनिटांनी बाहेर आला तर चादर परत जागेवर.
थोडा वेळ तो तिच्याकडे बघत राहिला.
"खोल आहे?"
"आहे."
"किती?"
मी हात पसरले, मग खाली केले,
आणि तेवढ्यात आत उघडा राहिलेला नळ
कालच्या भांड्यांवर धो धो सुटला.

दोघं पळालो.
त्यानं कोपरापर्यंत हात धुतले.
सगळं बेसिन लाल झालं, खालच्या मातीनं,
आणि पाणी त्या लालातून वाट काढत
भोकाकडे चाललं होतं.
नळ बंद कर, मी म्हणाले, टाकी लहान आहे.
त्यानं ऐकलं नाही.
वाकून बघत राहिला.