आतली बाजू

भेकऱ्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली,
उघडून माझ्यापुढे धरली.
कापसावर नखाएवढी काच:
अकरा दिवसांपूर्वी मीच लावलेलं विनिअर,
वरचा, पुढचा, डावा.
"पेरू खाल्ला हो मॅडम," ते म्हणाले, "माझीच चूक."

लालबागच्या बँडमध्ये एकतीस वर्षं क्लॅरोनेट.
माउथपीस टेकतं ते याच दोन दातांवर.
किती नवरदेव त्यांनी या दातांवर तोलून
मांडवापर्यंत पोचवले असतील.
परवा प्रभादेवीला एक वरात आहे,
आणि सूर फटीतून निसटतोय.

काच चिमट्यात धरली, दिव्याखाली नेली.
समोरून अजून देखणी.
टोकाशी निळसर झाक, हिरडीकडे किंचित पिवळी,
जोगेश्वरीच्या मोइनुद्दीनने
चार वेळा भट्टीत घालून साधलेली.
पण दाताला त्या बाजूचं काय?
मी उलटी केली.
आत लख्ख. सिमेंटचा कण नाही.
मग भेकऱ्यांना म्हटलं, आ करा.
सिमेंट सगळं तिथेच होतं,
दाताला घट्ट धरून.

म्हणजे दाताने धरलं होतं. काचेने सोडलं.
पेरू निर्दोष.

काच आपणहून कुणाला धरत नाही.
तिला आधी ओरबाडावं लागतं:
पाच टक्के आम्ल, वीस सेकंद, मोजून.
हे आम्ल कातडीवर थांबत नाही, हाडापर्यंत जातं,
म्हणून दोन-दोन हातमोजे,
म्हणून हे काम खुर्चीपासून लांब, बेसिनपाशी.
जास्त वेळ ठेवलं तर काच आतून खचते.
धुऊन वाळवली की खडूसारखी पांढरी दिसायला हवी.
चमकली, तर समजायचं, तिला काही लागलंच नाही.
मग खाचांतला गाळ काढायचा,
आणि शेवटी सिलेनचा एक थेंब:
एका हाताने काच धरतो, दुसऱ्याने सिमेंट.
दोन्ही घरच्या ओळखीतला माणूस,
सोयरीक जुळवून देतो
आणि पंगतीला दिसत नाही.

आम्ल मी लावलं होतं. वीस मोजले होते.
धुतलं होतं. वाळवलं होतं.

राहिली बाटली.

वृषालीने ती फ्रिजमधून आणून ट्यूबलाइटपुढे धरली.
जे पाण्यासारखं नितळ असायला हवं
ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ.
तारीख उलटून सात महिने.
काळाचौकीच्या हवेत दर वेळी टोपण उघडं राहिलं,
आणि दर वेळी थोडी हवा
आत राहायला गेली.
"मी म्हटलं होतं मॅडम, नवी मागवू."
म्हटलं होतं तिने.
मी म्हणाले होते, एवढं संपू दे.

बाहेर बाकावर भेकरे कुणाला तरी सांगत होते,
कच्चा होता पेरू, आणि बियाही फार.
किती सोपं होतं.
मान हलवायची, बिल लावायचं.

"भेकरे," मी दारातूनच म्हटलं,
"पेरू खा. औषध शिळं होतं, माझं."
बाकावरचे तिघे गप्प झाले.
भेकऱ्यांनी डबीचं झाकण दोनदा उघडलं, मिटलं.
मग म्हणाले, "आमची पत्ती जुनी झाली ना,
की मी पण पहिली शिवी पावसाळी हवेला देतो."

संध्याकाळी दादरहून बाटली आली.
जुनं सिमेंट खरवडलं, काच पुन्हा आम्लात.
या वेळी मोठ्याने मोजले.
खुर्चीच्या हातावर भेकऱ्यांची बोटं चालायला लागली,
सोळा मात्रा संपवून ते समेवर आले
तेव्हा मी सतरावर होते.
अठरा. एकोणीस.
त्यांनी बोटं उचलून धरली, माझ्यासाठी थांबले.

धुतलं. वाळवलं. दिव्याखाली उलटं केलं.
पांढरं. चमक कुठेच नाही.
"बघू," भेकरे म्हणाले. दाखवलं.
"हे असं हवं? खराब दिसतंय की."

वृषाली नव्या बाटलीचं सील नखाने काढत होती.