कोरी आठवण

सावद्याच्या केळी गटात, रात्री साडेनऊला,
एकच प्रश्न मी दोन तऱ्हांनी विचारला:
हंगामात कोणाच्या किती गाड्या भरल्या?

फेगडे सरांची जुनी क्वेरी
प्रत्येक नावासाठी पुन्हा आत उतरणारी,
एकेक घड खांद्यावरून बांधावर आणावा तशी.
एकेचाळीस सेकंद.
माझी, दोन टेबलं थेट जोडणारी:
तीन.
लगेच हेमांगीला फोन. हसलेसुद्धा, सरांवर.

तोलकाट्यावरचे ढाकेभाऊ चहा ठेवता ठेवता म्हणाले,
"मांगून चालली ना तुझीवाली?
पुढच्यानं गवत तुडवेल राहतं."

सर्व्हर बंद केला. चालू केला.
आता आधी माझी.
अडतीस.
पुन्हा बंद, पुन्हा चालू, मग सरांची.
एकेचाळीस.
एवढाच माझा पराक्रम, तीन सेकंदांचा.
बाकी सगळी त्यांनी मळवलेली वाट.

बाहेर ट्रकवर कोणी ताडपत्री ओढत होतं.
मी सरांची फाइल पहिल्यांदाच
वरपासून वाचली.
चौथ्या ओळीत, कधीच न चालणाऱ्या अक्षरांत:
"शेतकरी क्रमांकावर इंडेक्स टाकणे.
सवड मिळाली की."

टाकला.
दोन्ही एका सेकंदाच्या आत.
हेमांगीला परत फोन लावायचा होता.
चहावर साय धरली होती.