दुसरा डोळा

जालन्यात, सदर बाजारात, एका जिन्याखाली
अडीच फुटांचं माझं दुकान.
काचेवर अजून वडलांचं नाव आहे.
पहिलं अक्षर उन्हानं खाल्लं,
ओबेद पाटोळे आता नुसते बेद पाटोळे.
नवं गिऱ्हाईक मलाच बेदभाऊ म्हणतं.
मी दुरुस्त करत नाही.
मी घड्याळं दुरुस्त करतो.

करतो म्हणजे, करायचो.
आता जो तो वेळ खिशातून काढतो.
आठवड्याला चार सेल, दोन पट्टे,
एखाद्या निवृत्त गुरुजींचं चावीचं घड्याळ,
तेही परत न्यायची घाई नसलेलं.

रविवारी देवळात आम्ही अकरा जण.
जागा इतकी, की प्रत्येकाला आपापला खांब.
पाळकांची बदली झाली ती झालीच, नवे आले नाहीत.
आवाराच्या जागेवरून दोन गट, कोर्टात तारखा,
आणि दोन्ही गटांचे मेसेज माझ्याच मोबाइलवर :
वर एक वचन, खाली एकमेकांचे वाभाडे.
नाताळाचा तारा यंदा मी एकट्यानं टांगला.
शिडी धरायलाही कुणी नव्हतं.

पहाटे पाचला गुडघे टेकतो.
'हे बापा' म्हणेस्तोवर
उशीपाशी काहीतरी थरथरतं.
मग भाडं आठवतं, मग रूथचं बाळंतपण,
मग मंडळीचा हिशोब, मग खजिनदाराचं तोंड.
आमेन म्हणताना कळतं,
इतका वेळ मी खजिनदाराशीच बोलत होतो.

सुवार्ता म्हणते, "सोडा की वो ते समदं.
घरी बसून बी ऐकायलाय की देव."
मी उत्तर दिलं नाही.
उत्तर नव्हतंच.

सोळाव्या वर्षी वडलांनी मला
कादराबादेत गफूरचाचांच्या हाताखाली दिलं.
भिंग खोबणीत बसवलं
की मी दुसरा डोळा गच्च मिटायचो.
अर्ध्या तासात कपाळ ठणकायचं, हात कापायचा.
चाचा चिमट्यानं कान धरायचे :
"दूसरी आंख बंद नक्को कर रे.
खुल्ली रहने दे. देखने दे उसको बजार.
तू बस उससे कुछ पूछ नक्को."

चाचा गेले त्याला वीस वर्षं झाली.
हात शिकला होता तेव्हाच.
बाकीचा मी अजून कच्चा.

काल दुपारी गुरुजींचं घड्याळ उघडलं.
बाहेर निवडणुकीची रिक्षा,
मोसंबीच्या गाड्यावर भांडण,
मोबाइलवर अठ्ठेचाळीस मेसेज,
आणि चिमट्यातून स्क्रू उडाला,
मोहरीच्या दाण्याहून बारीक.

बॅटरी घेऊन मी फरशीवर ओणवा.
आधी एक गुडघा, मग दुसरा.
धूळ. बिडीचं थोटूक. जुन्या सेलच्या टिकल्या,
नऊ मोजल्या, सगळ्या चमकणाऱ्या,
एकही तो नव्हता.
रिक्षा ओरडत राहिली. भांडण आईबापावर गेलं.
मला सगळं ऐकू येत होतं.
मी त्याला काही विचारत नव्हतो.

किती वेळ, ठाऊक नाही.
घड्याळाच्या दुकानात हे सांगायला लाज वाटते.

"बेदभाऊ, काय शोधायलात?"
चहाचा पोऱ्या, हातात ग्लासांची जाळी.
"स्क्रू."
"नवा टाका की. जुन्यापायी कामून इतकं?"
"ह्याला ह्याचाच लागतो."
त्यानं जाळी पायरीवर ठेवली
आणि न विचारता खाली वाकला.

सापडला नाही अजून.

आज शटर लवकर उघडलंय.
सातला जिन्याखाली ऊन शिरतं, तिरपं,
दहाच मिनिटं.
तेवढ्यात फरशीवरचं
बारीकात बारीकही सावली टाकतं.