तळहात खाजला तर

ऑक्टोबरची रात्र, अडीच वाजलेत.
वडाळ्यात अकराव्या मजल्यावर, न्हाणीघरात,
मी परकर वर धरून उभी आहे
आणि थंड पाण्यात पिळलेला पंचा
पोटावर ठेवते आहे,
इस्त्रीचा चटका बसलेल्या जॉर्जेटवर
दुकानात ओला रुमाल ठेवायचे तसा.
ते जॉर्जेट काही सुधारलं नाही.
हे सुधारेल, असं डॉक्टर म्हणाल्यात.

चौतिसावा आठवडा.
पोट ताणलं तशा रेघा उमटल्या,
घाईत घातलेल्या कच्च्या टिपांसारख्या,
आणि सोमवारी त्या रेघांवर पुरळ चढलं.
लाल, बारीक, मांड्यांपर्यंत उतरलेलं.
बेंबी तेवढी मोकळी,
जणू खसखस सांडण्याआधी
कुणी तिथे वाटी उपडी घालून ठेवली होती.

बारा वर्षं साड्यांना फॉल-पिको करते.
कुठलं कापड कुणाच्या अंगाला टोचेल
ते बोटांनी सांगते.
स्वतःच्या कातडीचं सांगता येईना.

सल्ले लिफ्टमध्येच मिळाले.
हेमांगीवहिनी म्हणाल्या, बाळाला जावळ भरपूर असणार.
सासूबाईंनी खोबरेलात कापूर खलून
वाटी उशाशी ठेवली.
आणि नवऱ्याने, बिचाऱ्याने, कपाटातून ट्यूब काढली,
गेल्या वर्षी त्याचं गजकर्ण तिनेच घालवलेलं.
मी टोपण काढलंसुद्धा.
मग आठवली त्याच्या कमरेवरची ती जागा,
महिनाभर ट्यूब चोळून चोळून
टिश्यूच्या साडीसारखी पातळ झालेली,
पलीकडचं दिसेल अशी.
टोपण लावलं.

महापालिकेचं प्रसूतिगृह. बाकावर तीन तास.
डॉक्टर तस्नीम मुकादम, माझ्याहून लहान असतील,
पोट बघून म्हणाल्या, "हे त्रास देतं, पण घात करत नाही.
बाळंत झालीस की काही आठवड्यांत जाईल."
कॅलामाइन लिहून दिलं.
कापूर नको म्हणाल्या, ट्यूब तर नकोच,
खाजेची गोळीही विचारल्याशिवाय नाही.
मग पेन ठेवलं
आणि माझा हात उताणा केला.
"इथे खाजतं? तळपायाला? रात्री जास्त?
लघवी गडद होते?"

मी गप्प.
सगळंच अंग पेटलेलं असताना
हातापायांचा वेगळा हिशेब कोण ठेवतं?
बोलून गेले,
तळहात खाजला तर पैसे येतात ना, मॅडम?

त्या हसल्या नाहीत.
"कधी कधी ती लिव्हरची चिठ्ठी असते.
कातडीवर काही दिसत नाही,
नुसते तळवे खाजतात, आणि धोका बाळाला.
तेव्हा सकाळची वाट बघायची नाही.
रात्री असशील तशी निघायचं."
रक्त घेतलं. रिपोर्ट परवा.

त्या दोन दिवसांत मी
नखं मुळापासून कापली,
दुकानातल्या चिंध्यांतून मलमलीचं पांढरं कापड उचलून
बिनबाह्यांचा झगा शिवला, शिवण बाहेरच्या बाजूला.
वासाचा साबण मोरीच्या फळीवरून काढला.
कापूर देवापुढे गेला.
सासूबाई काही बोलल्या नाहीत,
फक्त साधं खोबरेल नव्या वाटीत ओतलं.
आणि जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून
मी लाथा मोजल्या,
मीटर मोजायचे तशा, न चुकता.

रिपोर्ट बरा आला.
डॉक्टर म्हणाल्या, रिपोर्ट त्या दिवसापुरता असतो.

म्हणून अजून रोज रात्री विचारते.
पंचा बादलीत टाकते, हात पुसते,
बल्बखाली दोन्ही तळहात धरते
आणि थांबते.
खिडकीबाहेर मोनोरेलचा रिकामा कठडा,
त्यापलीकडे मिठागरांकडचा काळोख.
पोट खाजतंय. मांड्या खाजतायत.
तळहात गप्प आहेत.

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज,
झोप त्यांनाही नाहीच:
"काय गं, हात खाजतोय का?"
"नाही."
"बरं झालं बाई," त्या कूस बदलतात,
"नकोत आपल्याला ते पैसे."