पाहणाऱ्यांची यादी

दर गुरुवारी सकाळच्या फेरीबोटीने मी हीउमा बेटावर उतरते.
बॅगेत इंजेक्शनं, पट्ट्या, कार्ड वाचायचं यंत्र.
शेवटचं घर एंदेल पाउत्सचं,
जुनिपरच्या झुडपांमागे, रस्ता संपतो तिथे.

वय एक्याऐंशी. आधी दीपगृहावर नोकरी,
मग मासे धुरावून विकणं,
आता नुसतं खिडकीपाशी बसणं.
दंडाला पट्टा बांधला की आकडा आपोआप जातो
ताल्लिनला, तार्तूला, सगळ्या देशाला,
म्हणजे ज्याला हक्क आहे त्याला.
एंदेल म्हणतो, पूर्वी फाईल तपकिरी असायची,
दोऱ्याने बांधलेली, आत रशियनमध्ये लिहिलेलं,
आणि नर्स ती छातीशी धरून चालायची,
माझाच आजार माझ्यापासून लपवत.
आता मीच उघडतो. चार आकडी पिन. चष्मा लागतो फक्त.

सप्टेंबरात त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.
तुमची नोंद कुणी पाहिली, त्याची यादी.
मी. फॅमिली डॉक्टर. औषधाचं दुकान. मी.
आणि रात्री दोन चाळीसला
लीवी पाउत्स, क्ष-किरण विभाग, तार्तू.

त्याच्या कुठल्याही हाडाचा फोटो तार्तूला गेलेला नाही.
अकरा वर्षांत एक पत्रही गेलेलं नाही.
तिच्या आईच्या दफनाच्या दिवशी काय बोलणं झालं
ते बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे, मी इथे लिहिणार नाही.

ओळीशेजारी बटण असतं: स्पष्टीकरण मागा.
मी नियम सांगितला, सांगणं माझं काम.
उपचार चालू नसताना पाहणं गुन्हा आहे,
तिची नोकरी जाऊ शकते.
तो बराच वेळ बटणाकडे बघत राहिला
आणि मग म्हणाला, कॉफी घेशील?

त्या दिवसापासून हा माणूस, जो पट्ट्याला फास म्हणायचा,
रोज मोजू लागला. सकाळी, दुपारी, झोपताना.
वजन. साखर. पावलं.
मागे कोरी पडलेली पानं भरावीत तसं.
मला म्हणाला, लिही, यंदा सफरचंदं फार लागलीत.
मी म्हटलं, तसा रकाना नाही.
मग 'इतर निरीक्षणे'मध्ये लिहिलं:
रुग्ण स्वतः सफरचंदं वेचतो. वाकताना त्रास नाही.
गेल्या वर्षीपेक्षा चार टोपल्या अधिक.

ऑक्टोबरात आकडे चढले. एकशे सत्तर. एकशे ऐंशी.
डॉक्टरांनी मला न थांबता जायला सांगितलं.
मी पोचले तेव्हा तो माळ्याच्या जिन्यावर होता,
वर, खाली, वर, धापा टाकत,
खाली टेबलावर पट्टा उघडा, तिसरा कप रिकामा.
काय चाललंय, एंदेल?
तो कठड्याला धरून उभा राहिला. चोरी पकडलेल्या पोराचा चेहरा.
बरं असल्यावर, म्हणाला, कोण विचारपूस करतं?

मी त्याला अर्धा तास बसवलं. एकशे अडतीस.
हा आकडा त्याला आवडला नाही.
खोटं मी लिहित नाही, म्हटलं,
आणि त्याच्यासमोरच टाईप केलं:
आधीचे आकडे ग्राह्य धरू नयेत.
मोजण्यापूर्वी रुग्ण मुद्दाम जिना चढला. सहा वेळा.
कारण विचारले असता उत्तर दिले नाही.
शेवटची ओळ एवढी खरी नव्हती.

परतीच्या बोटीत मी माझी स्वतःची यादी उघडली.
दाताचा डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी.
फोन खिशात ठेवला, डेकवर गेले. वारा होता.

पुढच्या गुरुवारी तो दारातच उभा,
फाटकापर्यंत आला, मला आत येऊही देईना.
एकाच रात्रीत दोनदा, म्हणाला.
दोन बारा. दोन एकोणीस.
एवढीशी तर नोंद, दुसऱ्यांदा कशाला उघडली असेल?

मी बूट काढले, बॅग ठेवली, पट्टा बाहेर काढला.
अक्षर लागलं नसेल, म्हटलं.